नाकाचा वाटा

नवी गाडी दाराशी उभी राहिली की बघायला येणारा मराठी माणूस आधी तिच्याभोवती एक फेरी मारतो, मागच्या टायरला बुटाचं टोक हलकेच लावून बघतो आणि विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" त्याचं समाधान झालं की, "ऑन रोड कितीला पडली?" आणि शेवटी डिकी उघडून, "दोन बॅगा आणि आंब्याची एक पेटी आरामात बसेल." एवढ्या चौकशीत पेट्रोलचा विचार होतो, पैशांचा होतो, आंब्यांचाही होतो. आत बसणारी माणसं पुढची दहा वर्षं कसल्या हवेत श्वास घेणार, हे विचारणारा पाहुणा मला अजून भेटायचा आहे.

त्या हवेसाठी गाडीत एक वस्तू असते. तिला कोणी केबिन फिल्टर म्हणतं, कोणी एसी फिल्टर, तर कोणी पोलन फिल्टर. बॉनेटखालचा एअर फिल्टर वेगळा. तो इंजिनाच्या श्वासाची काळजी वाहतो. सर्व्हिसिंगचं जुनं बिल काढून बघा. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक फ्लुइड, सगळे गाडीचे चोचले. वेळच्या वेळी बदलायच्या त्या लांबलचक यादीत आपल्या नाकाच्या वाट्याला आलेली वस्तू ही एवढी एकच. आणि नेमकी तीच आपण बिलातून गाळायला सांगतो. "ते राहू द्या सध्या, पुढच्या वेळी बघू." ऑइलच्या बाबतीत असं म्हणायची छाती होत नाही, कारण इंजिन बंद पडलं तर गाडी ढकलावी लागते. नाक बंद पडलं तर वाफ घेता येते.

माझ्या मेहुण्याच्या गाडीत फिल्टरची जागा आहे, त्यावर झाकण आहे, फक्त आत फिल्टर नाही. स्वस्तातलं मॉडेल. आपल्याकडे अशा बऱ्याच गाड्या विकल्या गेल्या. खाचा कंपनीने करून ठेवलेल्या, फिल्टर तेवढा ज्याचा त्याने आणायचा. हे कळल्यावर मेहुण्याचा चेहरा उजळला. "म्हणजे बदलायचा प्रश्नच नाही!"

फिल्टर भरला की तो बोंब मारत नाही. बहुतेक गाड्यांत त्याच्यासाठी डॅशबोर्डवर दिवाही नसतो. ब्लोअर चारवर नेला तरी आवाज भरपूर आणि वारा बेताचा, एवढीच खूण. मागच्या सीटवरून "अहो, एसी लावलाय ना?" असं विचारणं होतं. मग गाडीतला प्रत्येक जण एकमुखाने निदान करतो, "गॅस गेला असेल." कारच्या एसीबद्दल आहे एवढं एकमत महाराष्ट्रात दुसऱ्या कशावर नसेल. वास्तविक तो गॅस बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत असतो. कुठे गळती नसेल तर तो वर्षानुवर्षं पुरतो, रोजच्या वापराने संपत नाही. वारा कमी होण्याचं कारण पुष्कळदा साधं असतं: वाऱ्याला यायला वाट उरलेली नसते.

ही वाट एकदा डोळ्यांपुढे आणण्यासारखी आहे. समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली, प्लास्टिकची जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत शिरते, फिल्टरमधून गाळली जाते, एसीच्या गारठलेल्या कॉइलवरून वाहते आणि आपल्या तोंडावर येते. कॉइलवर हवेतलं बाष्प धरतं, त्याचं पाणी होतं आणि ते नळीवाटे गाडीखाली टपकतं. (मग सोसायटीतलं कोणीतरी काळजीने सांगायला येतंच, "तुमची गाडी गळतेय बरं का!") फिल्टर चोंदला तर हवा मंदावते आणि कॉइलवर बर्फसुद्धा धरू शकतो. फिल्टर नसलाच किंवा फाटला, तर धूळ थेट त्या ओल्या कॉइलवर बसते, मुरते, आणि बुरशीची सोय होते. सकाळी एसी लावताच पहिल्या झुळकीबरोबर जो कुबट वास येतो, तो तिथला.

वासावरचा आपला लाडका उपाय म्हणजे त्यावर दुसरा वास घालणे. डॅशबोर्डवर जेलीची डबी, आरशाला लटकणारं कागदी झाड, व्हेंटमध्ये खोचलेली अत्तराची कुपी, सीटखाली कापूर. एवढा फौजफाटा लावूनही आमची आई दार उघडून आत बसली की अर्ध्या मिनिटात म्हणते, "गाडीत उंदीर येऊन गेलाय." तिचं नाक सिलिंडरची गळती, बुडाशी लागलेलं दूध आणि बाहेर वडापाव खाऊन आलेली नातवंडं हे तिन्ही सारख्याच अचूकपणे पकडतं. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. फिल्टर बघावा.

बघावा म्हणजे आधी तो सापडावा. गाडीबरोबर मिळालेल्या, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात असलेल्या पुस्तिकेत त्याचा पत्ता असतो. पण पुस्तिका वाचणं आपल्यात कमीपणाचं मानतात. काही गाड्यांत, विशेषतः युरोपीय घराण्यांतल्या, तो बॉनेट उघडून काचेपाशी सापडतो. काहींत डॅशबोर्डच्या खाली पायांशी, जिथे पोचण्यासाठी गृहस्थाला डोकं गाडीत आणि पाय रस्त्यावर अशा अवस्थेत पडावं लागतं आणि येणारे-जाणारे थांबून "काय झालं हो?" विचारतात. पण आपल्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य लहान गाड्यांत त्याचा मुक्काम ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. फिल्टर बदलायला लागतात दहा मिनिटं. ग्लव्ह बॉक्स रिकामा करायला लागतो अर्धा रविवार.

डॉरथी लेव्हिट नावाची एक इंग्रज बाई गाड्यांच्या शर्यतीत उतरत असे. गाडी चालवणाऱ्या बायकांसाठी तिने १९०९ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात सीटखालच्या एका छोट्या खणाची महती आहे. त्यात काय ठेवावं? हातमोजे, स्वच्छ रुमाल, छोटा आरसा, आणि मन शांत राहावं म्हणून थोडी चॉकलेटं. आरसा नुसता चेहऱ्यासाठी नाही. मागून काय येतंय ते बघायलाही तो अधूनमधून उंच धरावा, असा तिचा सल्ला होता. बाई व्यवस्थित होती. तिला मराठी कुटुंबाचा ग्लव्ह बॉक्स दाखवला असता तर तिला ती चॉकलेटं तिथल्या तिथे खावी लागली असती.

आमच्याकडे त्या खणात काय नसतं? मुदत संपलेल्या पीयूसींची चळत असते, सगळ्यांत वर नेमकी सगळ्यांत जुनी. फास्टॅग आल्यापासून निरुपयोगी झालेल्या टोलच्या पावत्या असतात, कारण "राहू दे, लागतील कधीतरी". घाटात मळमळू नये म्हणून ॲव्होमिनची अर्धी पट्टी, तिच्या शेजारी ॲव्होमिन वेळेवर न घेतल्यास लागणाऱ्या पिशव्या. आल्याच्या वड्या एकमेकींना आणि डब्याला चिकटलेल्या. आवळासुपारी. कसलं कुलूप उघडते ते कोणालाच ठाऊक नसलेली किल्ली. कुठल्याशा देवस्थानाची अंगाऱ्याची पुडी. ती फेकायची नाही. गाडीत सीडी प्लेअर नसताना एक नाट्यसंगीताची सीडी. हे सगळं बाहेर काढून पेपरवर मांडलं की बायको बाल्कनीतून बघते आणि म्हणते, "अहो, ती माझी आहे ना बांगडी? दोन वर्षं शोधतेय!" त्यानंतर फिल्टरचं काम बराच वेळ बाजूला पडतं. पुष्कळ गाड्यांचे फिल्टर वेळेवर बदलले जात नाहीत त्याचं खरं कारण मला हेच वाटतं. तो खण उघडून तळापर्यंत जायची कोणाची तयारी नसते.

तळ एकदा दिसला की पुढचं सोपं. खणाच्या एका बाजूला बहुधा दोरी किंवा छोटा दांडा असतो, दार धाडकन पडू नये म्हणून; तो हुकातून काढायचा. मग खणाच्या दोन्ही भिंती आतल्या बाजूला दाबायच्या, की अख्खा खण खाली लोंबतो. इथे प्लास्टिक असा काही आवाज करतं की शेजारी उभा असलेला माणूस "मोडलं!" म्हणतो. बहुधा मोडलेलं नसतं. मागे एक अरुंद, आयताकृती झाकण दिसतं. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबून ते काढलं की आतून फिल्टरची कड डोकावते. ओढायचा सावकाश आणि आडवा, कारण त्याच्या अंगावर जे काही जमलेलं असतं ते आपल्या मांडीवर किंवा खाली ब्लोअरमध्ये पडायला टपलेलं असतं. आणि ओढण्याआधी त्याच्या कडेवर छापलेला बाण कुठे तोंड करून आहे ते बघून ठेवायचं. मोबाइलवर फोटो काढला तर उत्तम. आपण जेवणाच्या ताटाचे फोटो काढतोच.

बाहेर आलेली वस्तू म्हणजे निऱ्या घातलेल्या कापडाची एक चौकट. नऊवारीची लांबी जशी निऱ्यांमध्ये सामावते तसंच हे: उलगडलं तर लांबलचक, मिटलं तर वहीएवढं. जास्त कापड म्हणजे धूळ धरायला जास्त जागा आणि हवा जायला कमी अडथळा, एवढंच त्यातलं गणित. नवा असताना पांढराशुभ्र. जुना हातात आला की मात्र आपण कुठे कुठे हिंडलो त्याची साक्ष मिळते. वर्षावृक्षाची बारीक पानं, गुलमोहराच्या सुकलेल्या पाकळ्या, कडुनिंबाचा मोहर, सावरीचा कापूस, एखादा पतंग पंखांसकट. कोकणात जाऊन आलेल्या गाडीत जांभ्याची तांबूस धूळ. शहराबाहेर क्रशरच्या रस्त्याने रोज जाणाऱ्याच्या फिल्टरवर खडीचं करडं पीठ. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात त्या दिवसांत, काळी काजळी. नंदुरबारकडे मिरच्या वाळत घालतात त्या पथारींच्या बाजूने हिवाळ्यात जाऊन आलेल्या गाडीचा फिल्टर मी नाकाजवळ धरणार नाही.

आणि गाजरगवताचे पराग. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पुणेकरांनी त्यांची विशेष दखल घ्यायला हवी. देशभर पसरलेल्या या गवताची नोंद पुण्यात १९५६ साली झाली. पुण्याने देशाला बरंच काही दिलं, त्यात हेही धरावं लागतं. या गवताने अंगाला खाज सुटते, शिंका येतात, दमा असलेल्यांचे हाल होतात. हे पराग तुलनेने मोठे असल्याने साधा फिल्टरही त्यांना अडवतो. खरा कस लागतो तो पीएम २.५ म्हणतात त्या धुळीपाशी. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या भागाएवढे कण. आपल्याकडच्या निकषाप्रमाणे ते हवेच्या एका घनमीटरमध्ये वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ वर आणली. हवेची ही मोजदाद करून रोज सांगणारी 'सफर' ही व्यवस्था पुण्यातल्याच पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभी केली, २०१० साली, दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने. थोडक्यात, रोगही आमचा आणि थर्मामीटरही आमचा.

इतके बारीक कण कापडाच्या छिद्रांत अडकवून पकडायचे म्हटले तर छिद्रं इतकी लहान करावी लागतील की वाराच जाणार नाही. म्हणून चांगल्या फिल्टरच्या धाग्यांवर कारखान्यातच स्थिर विद्युतभार चढवलेला असतो. कण जवळून जाऊ लागला की धागा त्याला ओढून घेतो. करोनाच्या दिवसांत आपण तोंडाला बांधले ते एन-९५ मास्क याच युक्तीवर चालत. आणि म्हणूनच आपल्याकडची सगळ्यांत मोठी प्रथा इथे उपयोगाची नाही. ती प्रथा म्हणजे झटकणे.

झटकण्याबद्दल मी दोन शब्द जास्त लिहिणार आहे, कारण फिल्टर बदलण्याच्या मार्गात ग्लव्ह बॉक्सनंतरचा मोठा अडथळा तोच आहे. फिल्टर बाहेर काढला की घरातला अनुभवी पुरुष तो कंपाउंडच्या भिंतीवर दोनदा आपटतो, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघतो आणि म्हणतो, "अजून एक वर्ष सहज जाईल." गॅरेजमध्ये हेच काम कॉम्प्रेसरच्या हवेने होतं. भिंतीवर आपटून पानं पडतात, पतंग पडतो, नजरेला बरं वाटतं. पण जी धूळ फुप्फुसात खोल जाते ती धाग्यांना चिकटलेलीच राहते. कॉम्प्रेसरच्या झोताने धागे फाटतात. पाण्याने धुतलं तर विद्युतभार जातो आणि उरतं ते नुसतं कापड. ते पानं आणि पतंग अडवील, बाकी काही नाही. काटकसरीचा मी भक्त आहे. साबणाच्या चपटीला नवा साबण जोडणाऱ्या घरात मी वाढलो. पण हा झटकलेला फिल्टर काटकसरीत बसत नाही.

दुकानात गेल्यावर प्रश्न येतो, "साधा देऊ का चारकोल?" पुण्यात हा प्रश्न नाना पेठेत विचारला जातो, आणि विचारणारा वर मान करून बघत नाही. चारकोल म्हणजे कापडात सक्रिय कोळशाचा थर. या कोळशाच्या अंगभर सूक्ष्म भोकं असतात. एका ग्रॅममधल्या भोकांचा पृष्ठभाग मोजला तर तो हजार चौरस मीटरच्या घरात जातो. साधा फिल्टर धूळ अडवतो, वास अडवत नाही. कोळसा काही वायू आणि वास शोषून घेतो. पुरावा हवा असेल तर गळिताच्या हंगामात सातारा-कोल्हापूरच्या बाजूला एखाद्या कारखान्यावरून जावं. मळीचा तो वास आला की गाडीतली झोपलेली माणसंही उठतात आणि एकमेकांकडे संशयाने बघतात. चारकोलने हा संशय कमी होतो, पूर्ण जात नाही. कोळशाची भूकही कधीतरी भागते, म्हणून तोही वेळेवर बदलावाच लागतो.

"मी तर कायम आतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेतच नाही" असं सांगणारे भेटतात. धुराच्या ट्रकमागे अडकल्यावर ते बटण दाबावं, जरूर दाबावं. बहुतेक गाड्यांत आतली हवाही त्याच फिल्टरमधून पुनःपुन्हा जाते आणि स्वच्छ होत राहते. पण फिल्टर कार्बन डायऑक्साइड काढून टाकत नाही. चार माणसं, बंद काचा आणि आतली हवा. अर्ध्या तासात तो वायू बाहेरच्या हवेच्या कित्येक पटींनी वाढतो, डोकं जड होतं, डोळे मिटू लागतात. लग्नाहून परतताना अख्खी गाडी झोपते त्याचा दोष आपण जिलेबी-मठ्ठ्याला देतो. मागच्या सीटचं ठीक आहे. पण चालवणाऱ्यानेही मठ्ठा प्यालेला असतो, तेव्हा मधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी.

ही सगळी उठाठेव तशी जुनी. अमेरिकेतल्या नॅश मोटर्सने १९३८ साली बाहेरची हवा गाळून, गरम करून गाडीत सोडणारी व्यवस्था आणली होती. त्यांची चिंता थंडीची. २०१५ साली टेस्लाने एका गाडीत हॉस्पिटलच्या तोडीचा भलामोठा फिल्टर बसवला आणि त्याच्या बटणाला जैविक हल्ल्यापासून संरक्षणाचं नाव दिलं. नाव ऐकून हसू आलं खरं. पण सकाळच्या वेळी हिंजवडीच्या रस्त्यावर टँकर आणि डंपर यांच्या मध्ये उभं राहिल्यावर ते नाव फार अतिशयोक्त वाटत नाही.

उंदराचं राहिलंच. काचेखालच्या जाळीतून उंदीर आत येतो तो पावसाळ्यात आणि थंडीत, उबेच्या शोधात. फिल्टरचं कापड कुरतडून तो त्याच जागी मऊ घरटं करतो आणि शेंगदाण्याची टरफलं साठवतो. बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवा, डांबरगोळ्या ठेवा, असे सल्ले पार्किंगमध्ये फुकट मिळतात. तंबाखूने उंदीर जातो की नाही कोण जाणे, पण आमच्या वॉचमनला तंबाखू कुठे आहे ते कळलं. डांबरगोळ्यांचा वास मात्र थेट गाडीत येतो, तेव्हा त्या नकोतच. त्यापेक्षा गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा, जाळीवरचा पालापाचोळा हाताने काढत जा आणि गाडीत बसून शेंगा सोलू नका.

बाकी सांगण्यासारखं थोडं आहे. कंपन्या साधारण १० ते २० हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा फिल्टर बदला म्हणतात. आपल्या रस्त्यांची धूळ धरली तर त्यातला कमी आकडा पाळावा. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या साफसफाईत तो उरकावा, म्हणजे हिवाळ्यातल्या वाईट हवेला नवा फिल्टर सामोरा जातो. लहान गाडीचा साधा फिल्टर काही शे रुपयांत येतो, म्हणजे चौघांच्या मिसळीच्या आसपास. विकत घेताना गाडीचं मॉडेल आणि साल दोन्ही सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीचे फिल्टर साल बदललं की बदलतात. बसवताना बाण बघा: "एअर फ्लो" लिहिलेला बाण वाऱ्याची दिशा सांगतो, तर "अप" लिहिलेला नुसती वरची बाजू, आणि हे दोन वेगळे आहेत. आणि हात बसल्यावर शेजाऱ्याच्या गाडीचाही फिल्टर बदलून द्यायची हौस आली, तर त्याचा ग्लव्ह बॉक्स त्यालाच रिकामा करू द्या. दुसऱ्याच्या खणात काय आहे ते आपण बघू नये.